दोन शिट्ट्यांच्या मध्ये

शहादेव सरांनी दुसरी शिट्टी फुंकली तेव्हा नंदी रिंगणात नव्हता. तो कनातीच्या मागं उभा होता. सिद्धाराम त्याचा शेवटचा नट आवळत होता, स्वप्नाली आतून बोल्ट धरून होती, आणि दोघंही जमिनीवर आडवी होती. नियमाप्रमाणे नंदी बाद झाला. अंतिम फेरीत, एकही टक्कर न खाता, जागचा इंचभरही न हलता. लातूरकडच्या पोरांनी आपला रोबो रिकाम्या रिंगणात एकट्यानंच फिरवला आणि ढाल उचलून नेली.

पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू. सिद्धाराम तसंच धरून चालतो, आणि त्याचं काही अडत नाही.

तर त्या दिवशीची सकाळ. ऊन कनातीच्या भोकांतून आत उतरलं होतं आणि नंदीच्या पोटाखाली त्याचे ठिपके पडले होते. सिद्धाराम डाव्या अंगाला कुशीवर पडला होता. गालाला खडे टोचत होते आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

“धरला का?”

“धरला,” पलीकडच्या अंगानं स्वप्नाली म्हणाली.

“फिरंल बरं का.”

“न्हाई फिरत. तू आवळ.”

नंदी हा रोबो होता. अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या तिघांनी तो बनवला होता: घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा सिद्धाराम, युसूफ वडगावच्या मोहनराव पुढाऱ्यांची मुलगी स्वप्नाली आणि वडवणीचा पप्पू. लोखंडी अँगलचा सांगाडा, ट्रॅक्टरची बॅटरी आणि पप्पूच्या काकांच्या जीपच्या वायपरच्या मोटरी एवढाच त्याचा संसार. तेव्हापासून काका पावसात एक हात बाहेर काढून काच पुसत गाडी चालवायचे, आणि पुतण्या इंजिनिअर होतोय म्हणून शेजारी बसलेल्याला सांगायचे.

नव्व्याण्णव साल होतं. मराठवाड्यातली कॉलेजं आपापले रोबो घेऊन याच कॉलेजच्या मैदानावर जमली होती. खेळ साधा होता. दोन रोबो, एक रिंगण, जो दुसऱ्याला बाहेर ढकलेल तो जिंकला. पण यंत्रांना इजा होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या चारी अंगांना बंपर, म्हणजे एक मऊ गादी, बांधायची अट होती. लाल बाजूनं खेळायचं तर लाल, निळ्या बाजूनं खेळायचं तर निळा. फेरी झाली की बंपर उतरवायचा, उघड्या रोबोचं वजन द्यायचं, आणि पुढच्या फेरीला पुन्हा चढवायचा. हे चढवणं दोन शिट्ट्यांच्या मध्ये. पहिली शिट्टी झाली की हात लावायचा, दुसरी झाली की रिंगणात उभं राहायचं. पंच म्हणून क्रीडाशिक्षक शहादेव सर होते, कारण कॉलेजात शिट्टी त्यांच्याकडेच होती. ते रोबो कबड्डीच्या नियमांनी समजून घेत होते आणि त्यात फारसं काही चुकतही नव्हतं.

नंदीच्या बंपरात गादीवाल्यानं पिंजून दिलेला कापूस होता. निळं कापड सिद्धारामच्या वडिलांच्या दुकानापुढच्या छताचं. लाल कापड स्वप्नालीनं घरून आणलं होतं; मोहनरावांच्या पन्नाशीच्या सत्काराचा फलक होता तो. अक्षरं आत घालून तिनं तो नीट शिवला होता, पण दोन टक्करी बसल्या की कापूस दबायचा आणि उजव्या कोपऱ्यावर पुसटसं ‘लाडके’ एवढंच वाचता यायचं. गेल्या दोन दिवसांत निम्म्या मराठवाड्यानं त्या ‘लाडके’वर डोकं आपटलं होतं.

“पोळ्याला बैलाला झूल चढवायला एवढा येळ लागत न्हाई बे,” पप्पू कनातीबाहेरून ओरडला. “अन् बैल तर हलतो तरी!”

“शेवटचा कोपरा हाय.”

“तुझा कायम शेवटचाच कोपरा असतो.”

गोम अशी होती की नंदीचे बोल्ट सुटे होते. बाहेरून नट फिरवला की आतला बोल्टही त्याच्याबरोबर गोल फिरायचा. म्हणून एकानं पोटाखालून हात घालून बोल्टचं डोकं पान्यानं धरायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून नट आवळायचा. पप्पूचा हात पोटाखाली जात नव्हता, कारण मुळात पप्पूच तिथं मावत नव्हता. शिवाय बटणांची पेटी आणि तिची लांबलचक वायर, जिला ते दावं म्हणत, त्याच्या ताब्यात. म्हणून मग बोल्ट धरायचं काम स्वप्नालीकडं आलं. निदान सिद्धाराम तरी सगळ्यांना असंच सांगायचा.

बोल्ट अँगलला वेल्ड करून टाकला तर आतून धरायला कुणीच लागत नाही, एकटा माणूस उभ्या उभ्या सगळं उरकू शकतो, ही गोष्ट यंत्ररचनेच्या पेपरात वर्गात पहिला आलेल्या सिद्धारामला ठाऊक नव्हती असं नाही. पप्पू त्याला ती रोज सांगायचा. सिद्धारामनं वेल्डिंगच्या विरोधात दिली तेवढी कारणं त्या भागात कुणी हुंड्याच्या विरोधातही दिली नसतील. वेल्डिंगनं अँगल वाकतो. धक्क्यानं टाका उसवतो. एकदा तर काहीच सुचलं नाही तेव्हा तो म्हणाला होता, बोल्ट सुटा असला की यंत्राला मोकळं वाटतं.

उभं असताना तो स्वप्नालीला ‘तुमी’ म्हणायचा. पोटाखाली आडवं झालं की ‘तू’. हे कधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. कपडे झटकत उठलं की पुन्हा ‘तुमी’. दोन चाकांच्या मधल्या फटीतून त्याला तिचा चेहरा अर्धाच दिसायचा. एका कोपऱ्याला डावा, दुसऱ्या कोपऱ्याला उजवा. पूर्ण चेहरा त्याला चारी कोपरे झाल्यावर मनातल्या मनात जोडावा लागायचा. खोलीवर जाऊन तो तेच करायचा.

“झाला,” तो म्हणाला.

“अजून एक पीळ दे,” ती म्हणाली. “ढिला वाटतोय.”

ढिला नव्हता. त्यानं दिला.

ती उपांत्य फेरी नंदी जिंकला, पण कसा, ते नंदीलाच ठाऊक. शहादेव सरांनी शिट्टी ओठांना लावली होती, गाल फुगवले होते, आणि त्या फुगलेल्या गालांच्या समोरून तिघांनी नंदीला उचलून रिंगणात आदळलं होतं. पलीकडं लातूरच्या टीमचं काम चाललं होतं. त्यांच्या बंपराला परदेशी बुटाला असते तसली चिकटपट्टी होती. चर्र, की निघाला. चप्प, की बसला. त्यांच्यात कसलीच गुंतागुंत नव्हती. त्यांच्याकडं बघून सिद्धारामला मनापासून वाईट वाटलं.

दुपारी मोहनराव आले. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना ढाल द्यायची होती, ती कुणालाही द्यायची त्यांची तयारी होती. पांढऱ्या कपड्यांतल्या चार माणसांसह ते कनातीमागं आले आणि नंदीभोवती फिरले, बाजारात बैल बघतात तसे.

“काय खातंय हे?”

“बॅटरीवर चालतंय, अण्णा,” स्वप्नाली म्हणाली.

“म्हंजे खात न्हाई. मग राजकारणात चालायचं न्हाई.” चार माणसं हसली. मोहनरावांनी नंदीच्या पाठीवर थाप मारली. मग शेजारी ठेवलेल्या लाल बंपरावर त्यांचा हात थबकला. “हे कापड कुठंतरी बघितल्यागत वाटतंय.”

“बाजारातलं हाय, अण्णा.”

“चांगलंय. टिकाऊ दिसतंय.” मग ते सिद्धारामकडं वळले. “तुमी घाटनांदूरचे का? शिवलिंगअप्पांचे?”

“हां जी.”

“भला माणूस. वजनात कधी मारत न्हाई.” एवढं बोलून त्यांनी त्याला सोडून दिलं आणि लेकीकडं बघितलं. “बाई, औरंगाबादच्या पाव्हण्यांचा फोन आलता. पोरगं मे महिन्यात सुट्टीवर येतंय. म्हणतेत, तेवढ्यात उरकून टाकू.”

पोरगं अमेरिकेत होतं. दोन हजार साल येणार आणि मशिनं तारखा चुकवणार म्हणून तिकडं कॉम्प्युटरवाल्यांना विमानं भरभरून बोलावून घेत होते. साल इकडंही येणारच होतं, पण इकडं त्यासाठी कुणाला बोलावलं नव्हतं.

सिद्धाराम पाना पुसू लागला. पाना स्वच्छ होता.

“अण्णा,” स्वप्नाली नंदीच्या चाकाकडं बघत म्हणाली, “ढाल मिळाली तर पुढची फेरी पुण्याला हाय. मे मधीच. तयारीला महिनाभर इथंच ऱ्हावं लागंल.”

“पुण्याला?”

“सगळ्या महाराष्ट्राची.”

मोहनरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. पुणे म्हटल्यावर त्यांना एकदम वर्तमानपत्र दिसलं. “जिंकलात तर जा की. पेपरात फोटू येईल. पाव्हण्यांना सांगतो, दिवाळीनंतर बघू. अमेरिका काय पळून चाललीय? पण हरलात, तर मग मे महिना पक्का. चल, जेवून घे.”

ती जाताना मागं वळली नाही. ओढणीला लागलेला ग्रीसचा डाग मात्र तिनं मुठीत धरला होता, वडिलांना दिसू नये म्हणून, किंवा हरवू नये म्हणून.

ते सगळे गेल्यावर सिद्धाराम नंदीपुढं बराच वेळ उकिडवा बसला. मग उठून पप्पूला म्हणाला,

“चल. वेल्डिंग करून आणू.”

पप्पूच्या तोंडातली भाकरी तिथंच थांबली. “कोण बोलतंय बे हे?”

“जिंकायचंय.”

“अन् यंत्राला मोकळं वाटायचं त्याचं काय?”

“पप्पू, उचल.”

गेटबाहेर गहिनीनाथचं वेल्डिंगचं दुकान होतं. दोघांनी नंदीला हातगाड्यावर घालून नेलं. गहिनीनाथ एका लोखंडी पलंगावर पाय पसरून बसला होता.

“लाइट न्हाई ना?” सिद्धारामनं गेल्या गेल्याच विचारलं. आवाजात आशा होती.

“आत्ताच आली की.”

“जाणार असंल पुन्हा.”

“आज जात न्हाई. पुढारी आलेत गावात.” गहिनीनाथनं नंदीकडं बघितलं. “हे काय, पेरणीयंत्र हाय का?”

“रोबो हाय.”

“म्हंजे?”

पप्पू म्हणाला, “लोखंडाचा बैल.”

“मग तसं बोला की सरळ.” गहिनीनाथनं तोंडापुढं काच धरली. “तिकडं तोंड करा. बघू नका.”

सिद्धारामनं बघितलं. निळसर पांढरा उजेड उठला, ठिणग्या मातीत विझल्या, आणि एकेक बोल्ट अँगलला कायमचा चिकटला. प्रत्येकाच्या बुडाशी चकचकीत टाका. आता नट फिरेल आणि बोल्ट जागचा हलणार नाही. आतून कुणी धरायला लागणार नाही. सिद्धारामच्या डोळ्यांना पाणी सुटलं.

“उघड्या डोळ्यांनी बघितलं की असंच होतंय,” गहिनीनाथ म्हणाला.

सिद्धारामनं ते लगेच मान्य केलं.

परतीच्या वाटेवर त्यानं सगळं नीट मांडून बघितलं. आजच्या फेरीत तो एकटाच बंपर चढवणार. पटापट. मग जिंकणार. मग पुण्याच्या तयारीचा महिना, मग दिवाळी, आणि दिवाळीच्या पलीकडं तर माणूस बघूच शकत नाही, तिथं दोन हजार साल लागतं. एका दुपारचं आडवं पडणं देऊन एवढं सगळं मिळत होतं. वडिलांच्या दुकानातसुद्धा इतका फायद्याचा सौदा कधी झाला नव्हता. फक्त ते तिला सांगायचं होतं, आणि उभं राहून सांगायचं होतं, म्हणजे ‘तुमी’ म्हणून.

अंतिम फेरीला नंदी लाल बाजूला आला. वजन झालं. शहादेव सरांनी पहिली शिट्टी फुंकली.

“आता गड्या, एकटा भिड,” पप्पू म्हणाला. “मी दावं घेऊन रिंगणापाशी थांबतो. तू झूल चढवून हाक मार, ढकलायला येतो.” तो आनंदानं पळाला.

सिद्धाराम बंपर उचलायला वाकला आणि कनातीच्या फटीतून स्वप्नाली आत आली. धावत आल्यानं तिला धाप लागली होती. ओढणी कमरेला खोचत तिनं हत्यारांच्या पेटीतून बोल्ट धरायचा आतला पाना घेतला.

“तुमी ऱ्हाऊ द्या, आज...” सिद्धाराम म्हणाला.

ती तोवर आडवी झाली होती. उभ्यानं बोलायला समोर कुणी उरलंच नाही. मग तोही आडवा झाला.

पहिला कोपरा. बंपरामागच्या लाकडी पट्टीच्या भोकातून बोल्ट बाहेर आला, त्यानं नट लावला. पोटाखालून तिचा हात आला आणि थांबला. तिनं पाना खाली ठेवला. बोल्टच्या बुडाशी अंगठा फिरवला. टाका आंधळ्यालाही कळावा असा होता. अंगठा टाक्यावरून एकदा गेला, एकदा परत आला. फटीतून दिसणारा तिचा अर्धा चेहरा त्या अंगठ्याकडं बघत होता.

बाहेर लातूरच्या बंपराचा आवाज झाला. चप्प.

स्वप्नालीनं पाना उचलला आणि बोल्टच्या डोक्यावर बसवला.

“धरला,” ती म्हणाली.

सिद्धारामच्या हातातला पाना नुसताच नटावर टेकलेला होता.

“घट्ट?” त्यानं विचारलं.

“लई घट्ट. तू आवळ.”

त्यानं आवळला. दुसऱ्या कोपऱ्याला ती सरकली, तोही सरकला. “फिरंल बरं का,” तो म्हणाला. “मी हाय न्हवं,” ती म्हणाली. दोन्ही हातांनी, दात आवळून, कपाळावर घाम येईपर्यंत ती तो बोल्ट धरून होती, जो गहिनीनाथच्या छिन्नीशिवाय आता जन्मात हलणार नव्हता. तिसऱ्या कोपऱ्याला ‘लाडके’ आलं. सिद्धारामनं त्याच्यावर गुडघा दाबून नट बसवला.

“झालं का बे?” लांबून पप्पू ओरडला.

“शेवटचा हाय!”

आणि खरोखरच शेवटचा होता. वेळही होता. नट चार फेऱ्यांत बसला, पाचव्या फेरीला घट्ट झाला. पाना काढून उठायचं तेवढं बाकी होतं.

“सिद्धाराम,” ती म्हणाली.

“हां.”

“पुण्याला जायच्या आधी हे बोल्ट वेल्डिंग करून घ्यावे लागतील.”

तो फटीतून बघत राहिला. ती गंभीर होती. पाना तिनं अजूनही धरलेला होता.

“कावून?”

“म्हंजे मग एकट्याला जमंल.”

पलीकडं माईकवर कुणीतरी मोहनरावांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. सिद्धारामनं घट्ट बसलेल्या नटावर पुन्हा जोर दिला. नट हलला नाही.

“एकट्यानं कुणाला करायचंय,” तो म्हणाला.

मग तिनं मान जरा खाली सरकवली, गाल मातीला टेकवला, आणि दोन चाकांच्या मधल्या फटीत तिचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण आला. दोन्ही डोळे, नाक, कपाळाला चिकटलेला कापसाचा पुंजका. जोडायला काहीच उरलं नव्हतं. सिद्धाराम बघत राहिला. तीही बघत राहिली. पाना तिच्या हातात, पाना त्याच्या हातात, मध्ये लोखंड.

मग जे झालं ते आधीच सांगितलं आहे, आणि ते झालं नाही असंही ठरलं आहे. फक्त एवढं खरं की शिट्टी वाजल्यावरही दोघांपैकी कुणी लगेच उठलं नाही.

पप्पूनं कनात वर उचलली. हातात दावं होतं, दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

“मेलात का बे दोघं?” तो म्हणाला. मग त्यानं खाली बघितलं, चारी कोपऱ्यांना नीट बसलेला बंपर बघितला, स्वप्नालीच्या हातातला पाना आणि तो कशावर धरलाय तेही बघितलं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्यानं गिळलं आणि कनात हळूच खाली सोडली. बाहेर तो मोठ्यानं शहादेव सरांना सांगताना ऐकू आला, “सर, नट जाम झालता.”

सरांनी मानलं नाही. संघानं उशिराचं कारण आणि काही म्हणणं असल्यास ते समितीकडं लेखी द्यावं, असं ते म्हणाले, आणि एक कोरा कागद पाठवून दिला.

ढाल देऊन झाली. मोहनरावांच्या जीपचा हॉर्न दोनदा वाजला. स्वप्नालीनं कपडे झटकले, कपाळावरचा कापूस मात्र तसाच राहिला, आणि ती उभी राहून सिद्धारामकडं बघत म्हणाली,

“लिहा तुमी. मी सही करते.”

आजवर ती त्याला आडवं असताना ‘तू’ म्हणायची आणि उभं असतानाही ‘तू’च; हे ‘तुमी’ पहिलंच होतं, त्याची आई अप्पांना म्हणायची तसलं. सिद्धारामनं कागद नंदीच्या पाठीवर ठेवला. ‘उशिराचे कारण’ असं लिहिलं, त्यापुढं तीन ओळींची जागा कोरी सोडली, आणि मग खाली सावकाश, चांगल्या अक्षरात लिहीत गेला. लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. हॉर्न वाजत होता. तिनं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि आतला पाना आपल्या पिशवीत टाकून निघून गेली.

कागद समितीकडं गेला. त्यावर आवक क्रमांक पडला. मजकूर असा होता:

“मा. स्पर्धा समितीस सविनय सादर की, बंपर बसविणे व काढणे हे काम दोन व्यक्तींशिवाय होणे शक्य नाही, असा अर्जदारांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. सबब, यापुढील सर्व स्पर्धांमध्ये पहिली शिट्टी नियमाप्रमाणे वाजविण्यात यावी. दुसरी शिट्टी वाजविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.”